पावती

केप्याला बदली झाली तेव्हा
शिरवईच्या वाटेवर एर्मेलिंदाबायच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या.
भाडं सात हजार, अनामत चौदा,
मुदत अकरा महिने, कलमं सतरा.
पाचवं : भिंतीत खिळा ठोकू नये.
नववं : पंप सकाळी सहा ते साडेसहा.
अकरावं : अंगणात पडलेला नारळ मालकाचा,
डोक्यात पडल्यास जबाबदारी राहणाऱ्याची.
मी हसले.
ती हसली नाही.

पोलीस ठाण्यात ती स्वतः आली सोबत.
भाडेकरूचा फॉर्म, दोन फोटो,
आणि ‘कायमचा पत्ता’ या रकान्यापाशी
माझं पेन अडलं, तेव्हा तिने मान फिरवली,
जशी कुणी कपडे बदलताना आपण फिरवतो.

पाच तारखेला मी मोबाइलवरून पैसे धाडायची,
सहाला ती कार्बन घालून पावती लिहायची,
अक्षरी रुपये सात हजार फक्त,
आणि खाली सही, शाळेतल्या मुलीसारखी गोल.
बँकेत नोंद असते हो, मी म्हणायची.
असूं दी, ती म्हणायची, हें घे.
मला वाटायचं, बाई हिशेबी आहे. मनात वेगळा शब्द होता.

ऑगस्टात कपाटामागे ओल फुटली.
तेरावं कलम : मोठी दुरुस्ती मालकाची, किरकोळ राहणाऱ्याची.
ओल मोठी की किरकोळ,
यावर आम्ही तीन संध्याकाळी भांडलो.
भिंत तुमची, मी म्हटलं.
आत वाळत घातलेले कपडे तुझे, ती म्हणाली.
चौथ्या दिवशी रोहिदास नळवाल्याने भिंत फोडली :
आतला पाइप कुजलेला.
तिने पैसे दिले, आणि त्याच पुस्तकात लिहिलं :
चूक माझी. दुरुस्ती रुपये अकराशे.
सही केली, वरची प्रत फाडून माझ्या हातात दिली.
चुकीची पावती
मला आजवर कुणी दिली नव्हती,
ज्यांनी द्यायला हवी होती त्यांनीही.

मग डिसेंबर. काणकोणहून कुणी पुतण्या आला,
माझ्या खोल्यांचे फोटो काढू लागला, बाहेरून, खिडकीतून.
पंधरा दिवस पाहुण्यांना दिल्या तर
तीन महिन्यांचं भाडं सुटतं, म्हणाला.
मी आत करार घेऊन बसले. चौदावं कलम,
एक महिन्याची नोटीस, बोट ठेवून पुन्हा पुन्हा.
बाहेर तिचा आवाज आला :
हांगा मनीस रावता.
एवढंच. पुतण्याची स्कूटर सुरू झाली.

त्या रात्री पायरीवर तिने सांगितलं,
तिचा बाप मुंडकार. भाटकाराच्या भाटात चाळीस वर्षं,
माड राखले, नारळ सोलले, कुडाची भिंत दर सालाला सारवली.
पुरावा मागितला तेव्हा
एक चिठी नव्हती घरात.
मग एका रेंदेराने साक्ष दिली :
पहाटे सूर काढायला मी माडावर चढायचो,
रोज वरून ह्या खिडकीत दिवा दिसायचा.
माडावरून दिसलेला दिवा, त्यावर आमचं घर राहिलं, ती म्हणाली.
पण बाय, दर वेळी
माडावर कोण असेलच असं नाही.
मग पंप चुकून चालू राहिला म्हणून मला ओरडली, आणि झोपायला गेली.

एप्रिलात माझी बदली वाळपईला.
टॉर्च घेऊन तिने भिंती तपासल्या.
दाराच्या मागे एक भोक निघालं.
कॅलेंडर, मी म्हटलं.
पाचवं कलम, ती म्हणाली.
लांबीचे साठ रुपये वजा, तेरा हजार नऊशे चाळीस परत,
किल्ल्या दोन मिळाल्या,
आणि खिळा, तोही कागदात गुंडाळून : तुझो.

वाळपईचा मालक भला माणूस वाटतो.
चहा दिला, गावातलं कुणी ओळखीचं निघालं.
पहिलं भाडं मोजून घेतलं, खिशात टाकलं,
म्हणाला, पावती कशाला? आपण काय परके आहोत?
मी दारातच उभी आहे.
हात अजून पुढे.